काठवटीभोवती

आमच्या घरात सागवानाची एक काठवट आहे. दोन्ही हातांनी उचलावी लागते एवढी मोठी, कडेला बारीक चीर गेलेली, आणि साठ वर्षांच्या भाकरी थापून मधोमध गुळगुळीत झालेली. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी ती दिली. सासूबाईंचं माहेर किनवट तालुक्यातलं. त्या जन्मल्या तेव्हा किनवट निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आजच्या महाराष्ट्राकडे गेले. बेला, जैनथ, तामसी हा आमचा मराठी पट्टा इकडे आदिलाबादेतच, आजच्या तेलंगणात, राहिला. माहेरचं गाव जागचं हललं नाही, पण त्याचं राज्य बदललं. पुढे पाचेक वर्षांनी सासूबाई लग्न होऊन बेल्याकडे आल्या, तेव्हा ही काठवट बैलगाडीतून राज्याची नवी हद्द ओलांडून त्यांच्याबरोबर आली.

आता सासूबाईंची मनगटं दुखतात. भाकरी मी थापते आणि मला स्टीलची परात सोयीची पडते. काठवट कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असायची. मागच्या डिसेंबरात माझ्या लेकीनं ती बाहेर काढली, धुतली, पुसली, तिला चार थेंब तेल चोळलं आणि विचारलं, “आजी, उद्या हिच्यावर न्याहारी मांडू?”

सासूबाई म्हणाल्या, “काठवटीत पीठ मळतात बाई. जेवण ताटात वाढतात.”

लेक न्यू जर्सीला असते. हैदराबादला उतरून, ४४ नंबरच्या महामार्गानं तीनशे किलोमीटर येताना तिनं बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा मांडीवर धरून आणला होता. त्यात धुरवलेल्या सॅल्मन माशाची दोन पाकिटं होती. तिकडे रविवारी सकाळी उशिरा मित्रमंडळी जमतात, तेव्हा मोठ्या लाकडी फळीवर बेगल म्हणजे कड्यासारखे गोल पाव, सॅल्मन, क्रीम चीज, कांदा, काकडी, टोमॅटो असं सगळं एकत्र मांडतात आणि ज्याला जे हवं ते तो उचलतो. ते तिला आपल्या घरच्यांना खाऊ घालायचं होतं. सॅल्मन सोडून बाकी सगळं इथंच करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तिनं बेगलसाठी अर्धा किलो मैदा घेतला. त्यात दोन लहान चमचे मीठ, चमचाभर साखर, यीस्टची एक पुडी आणि जेमतेम भिजेल एवढंच पाणी. पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट. ते दहा मिनिटं मळायचं असतं, आणि पाचव्या मिनिटालाच तिचे हात दमले. सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “तळहाताच्या टाचेनं रेटावं, बोटांनी नाही.” दुखऱ्या मनगटांनी त्यांनी दोन-चार वेळा रेटून दाखवलं आणि लेकीला पिठाची नस सापडली.

मग कडी करायची वेळ आली. लेक गोळ्याला मधोमध भोक पाडून तो बोटावर फिरवत होती. सासूबाईंनी गोळा घेतला, त्याची जाडसर वळी केली, टोकं एकावर एक ठेवून अंगठ्यानं दाबली. कडबोळ्याचं तोंड बंद करतात तसं. “ही जुनी पद्धत आहे आजी, तिकडचे जुने बेकरीवालेसुद्धा असंच वळायचे,” लेक म्हणाली. दहा कडी ताटात मांडून, ओल्या फडक्यानं झाकून तिनं ती रात्रभर ओसरीवर ठेवली. बेगलचं पीठ थंडीत हळूहळू फुगवलं तर त्याला चव येते. त्यासाठी तिकडे ते फ्रीजमध्ये ठेवतात. आदिलाबादच्या डिसेंबरात रात्रीचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. साऱ्या तेलंगणात थंडीच्या बातम्यांत आमचं नाव पुढे असतं. त्या रात्री त्या थंडीचा घराला उपयोग झाला.

सकाळी ती कडी तिनं उकळत्या पाण्यात सोडली. एका बाजूनं अर्धा मिनिट, दुसऱ्या बाजूनं अर्धा मिनिट. मला वरणफळं आठवली. उकळत्या पाण्यात वरचं पीठ शिजतं, त्याची खळीसारखी साय धरते, आणि मग भट्टीत गेल्यावर पाव वारेमाप फुगत नाही. वरून चकाकी येते आणि आत चिवटपणा राहतो. बेगलचं बेगलपण ते या एका मिनिटाच्या उकळीत आहे. वरून तिनं निम्म्यांवर तीळ आणि निम्म्यांवर जवस लावलं आणि छोट्या ओव्हनमध्ये ती २२० अंशांवर वीस मिनिटं भाजली. घरभर पसरलेला तो वास रोडग्यांच्या जवळचा होता, फक्त त्याला गोवरीचा धूर नव्हता.

धूर सॅल्मनला होता. पाकीट कापल्यावर आतून पातळ, नारिंगी, अर्धपारदर्शक कापं निघाली. सासूबाईंनी विचारलं, “हा शिजवला नाही?” लेकीनं सांगितलं की मासा आधी मिठात मुरवतात, मग साधारण तीस अंशांच्या आतल्या गार धुरात ठेवतात. त्या धुरानं मासा शिजत नाही, फक्त त्याला वास आणि टिकाऊपणा येतो. सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गावी भोयाच्या घरी चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असायची. पावसाळ्यात नदीची मरळ गावली की चिरून तिच्यावर टाकत. आठ-आठ दिवस धूर खात पडायची.” मरळ म्हणजे तेलंगणाचा राज्यमासा, इथं त्याला कोर्रमट्टा म्हणतात. सॅल्मनला मराठीत नाव नाही. मुंबईच्या बाजारात रावसला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं. तरी मीठ आणि धूर या दोन गोष्टी नॉर्वेच्या किनाऱ्यापासून पैनगंगेच्या काठापर्यंत माणसांना आपापल्याच सुचल्या. जास्तीचं गावलं की ते नसलेल्या दिवसांसाठी जपायचं, ही अक्कल सगळ्यांची.

बेगलचा जन्म पोलंडातल्या ज्यू वस्त्यांमधला. क्राकुव शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो, आणि तो बाळंतिणीला द्यायच्या भेटीच्या संदर्भात. आपल्याकडे डिंकाचे लाडू नेतात, तसं तिकडे हे कडं नेत. छळ आणि गरिबी यांना कंटाळून ही माणसं अमेरिकेला गेली, तेव्हा बेगल त्यांच्याबरोबर गेलं. १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि पॅसिफिकचा सॅल्मन मिठाच्या पिंपांतून न्यूयॉर्कला स्वस्तात पोचू लागला. क्रीम चीज १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या दुग्धशाळेत तयार झालं. या तीन गोष्टी एकाच ताटात आल्या त्यामागे एक धार्मिक नियमही आहे. ज्यू आहारशास्त्रात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मासा मात्र मांसात धरत नाहीत, तो दुधाच्या पदार्थांबरोबर चालतो. म्हणून न्यूयॉर्कच्या ज्यू मोहल्ल्यांत मासे आणि दुधाचे पदार्थ विकणारी वेगळी दुकानं निघाली. त्यांतलं एक १९१४ मध्ये सुरू झालेलं दुकान अजून चालतं. मालकाला मुलगे नव्हते, तीन मुली होत्या. त्यानं त्यांना भागीदार केलं आणि पाटीवर ‘रस अँड डॉटर्स’ असं लिहिलं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मान वर करून विचारलं, “पाटीवर लेकींचं नाव?” आणि ते वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

मराठी बोलणारे ज्यूही आपल्याकडे आहेत, कोकणातले बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या घरी बेगल नसतं. पण त्यांचा मलिदा आहे: गोड पोहे, खवलेला नारळ, वर फळं, असं भरलेलं ताट मध्ये ठेवून एलिया पैगंबराचं नाव घेतात आणि मग ते सगळ्यांनी वाटून खायचं. शेकडो वर्षं मूळ धर्मबांधवांपासून तुटलेली ही माणसं कोकणातल्या पोह्या-नारळांतून आपलं सामाईक ताट मांडत राहिली.

सामाईक ताटाचा विचार करताना मला पहिल्यांदा आमच्या शेतातली न्याहारी आठवते. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. दिवाळीपासून वेचणी सुरू होते. सकाळी लवकर रानात गेलं तरी दव उतरल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नसतो, कारण दवातला कापूस ओला भरतो आणि ओलाव्याचा टक्का बाराच्या वर गेला की सरकारी कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर तो घेत नाहीत. एकदा दव उतरलं की बायका कमरेला ओटे बांधून सरीला लागतात आणि दहा-साडेदहाला बांधावरच्या पळसाखाली येतात. ती वेळ नाश्त्याची नाही आणि जेवणाचीही नाही. १८९५ मध्ये एका इंग्रज लेखकानं रविवारच्या अशा मधल्या खाण्यासाठी ‘ब्रंच’ हा शब्द वापरून लेख लिहिला. आमच्या रानात त्या खाण्याला न्याहारी म्हणतात आणि ती आठवड्याचे सातही दिवस असते.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वेचणीला गेले होते. मी शाळेत शिकवणारी, रानाची सवय नसलेली. पळसाखाली बायकांनी गोल केला आणि आपापली फडकी सोडली. एकीची जवारीची भाकर जाड, एकीची कागदासारखी पातळ, तिला तेलुगू बायका जोन्न रोट्टे म्हणत. जवसाची चटणी होती, हिरव्या मिरचीचा ठेचा होता. ठेच्याचाच तेलुगू भाऊ तोक्कू होता. आम्ही जिला अंबाडी म्हणतो तिलाच पुंटीकुरा म्हणणाऱ्या बाईनं तिची आंबट चटणी आणली होती. एका गोंड बाईनं कागदात बांधलेली भाजलेली सुकट आणली होती, बाजाराच्या दिवशी घेतलेली. दगडावर मुठीनं फोडलेला कांदा सगळ्यांचा होता. कोणी कोणाला वाढत नव्हतं. हात पुढे येत होते आणि भाकरीचा तुकडा ज्या चटणीवर टेकेल ती आपली.

खरं तेच लिहायचं तर त्या बांधावर गोल दोन होते. दुसरा, लहान गोल दहा पावलांवर होता, आणि त्या बायकांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. पुढच्या वर्षांत ते अंतर कमी होत गेलं आणि आता आमच्या रानात एकच गोल बसतो. पण ते आपोआप झालं नाही. लहान गोलातल्या एका बाईनं एके दिवशी आपली भाकर घेतली आणि न विचारता मोठ्या गोलात येऊन बसली. सासूबाई सरकल्या आणि त्यांनी तिला जागा दिली. मी ते पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट मी त्याच सुट्टीत पाहिली. सासूबाई त्या गोलात मांडी घालून बसल्या होत्या, हसत होत्या, दुसरीच्या फडक्यातली सुकट मागून घेत होत्या. घरी मी त्यांना कधी बसून जेवताना पाहिलं नव्हतं. घरी आधी पुरुष, मग पोरं, मग आम्ही सुना, आणि सगळ्यात शेवटी चुलीजवळ, पातेल्यात उरलेलं कालवून, त्या. भाकर तव्यावरून गरम ताटात गेली पाहिजे, म्हणून थापणारीनं उठायचं नाही. आमच्याकडचं प्रेम असं गरम भाकरीच्या रूपानं येतं आणि ते देणारीच्या वाट्याला नेहमी शेवटची, गार भाकर येते. वाढणं ही आमची माया आहे. तिच्यातच हा अन्यायही आहे, हे मला त्या पळसाखाली कळलं. तरी पुढे तीस वर्षं मी स्वतः तसंच वाढत राहिले आणि तसंच शेवटी जेवले.

त्या रविवारी लेकीनं काठवट दिवाणखान्यात सतरंजीवर मधोमध ठेवली. बेगल आडवी कापून कडेनं लावली. क्रीम चीज इथं मिळालं नाही, म्हणून रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का मीठ घालून वाटीत. कांद्याच्या पातळ चकत्या, काकडी, टोमॅटो, लिंबाच्या फोडी. तिनं खारवलेल्या केपरच्या कळ्यांची छोटी बाटलीही आणली होती. आषाढी एकादशीनंतर द्वादशीला उपवास सोडताना जी वाघाट्याची भाजी करतात, त्या वाघाटीच्याच कुळातलं हे झुडूप. शेजारच्या तेलुगू अक्कांनी तोक्कू आणि पुंटीकुऱ्याची चटणी पाठवली नाही, त्या स्वतः घेऊन आल्या. मी चार भाकरी केल्या आणि त्यांचे चतकोर करून बेगलच्या शेजारी लावले. सॅल्मन एका बाजूला, वेगळ्या पळसाच्या पानावर ठेवला, कारण बेल्याहून आलेल्या माझ्या जाऊबाई माळकरी आहेत. त्यांची सून सात महिन्यांची गरोदर होती. तिला लेकीनं आधीच सांगून ठेवलं, “वहिनी, हा मासा कच्चाच असतो, या दिवसांत तो खाऊ नकोस. तू भाजलेली सुकट घे.” तिच्यासाठी तव्यावर खरपूस भाजलेल्या सुकटीची वाटी होती. चारशे वर्षांपूर्वी बाळंतिणीकडे जाणारं ते कडं हातात घेऊन तिनं त्यावर चक्का लावला आणि वर सुकट पसरली.

सगळं मांडून झालं आणि नेहमीचं झालं. सासूबाई भिंतीशी उभ्या राहिल्या. “तुम्ही घ्या आधी. मी बसते मागून.”

लेक म्हणाली, “आजी, यात वाढायचं काही नाहीच. सगळं मांडून झालंय. मागून म्हणजे कशाच्या मागून?”

या प्रश्नाला सासूबाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. गरम करायचं काही नव्हतं, तव्यावर काही नव्हतं, कोणाच्या ताटात काय संपलं ते बघायचं नव्हतं. ज्या कामासाठी ती बाई साठ वर्षं उभी राहिली ते काम त्या मांडणीत नव्हतंच. माझे पती सरकले. सासूबाई हळूच भिंत धरून खाली बसल्या, काठवटीच्या त्या बाजूला, जिथे बसून त्या भाकरी थापायच्या. त्यांनी आधी भाकरीचा चतकोर घेतला, त्यावर चक्का, चक्क्यावर कांदा, आणि मग जरा थांबून सॅल्मनचं एक काप. खाऊन म्हणाल्या, “मीठ बरोबर आहे.” पुढचा घास त्यांनी बेगलचा घेतला. चावायला त्यांना वेळ लागला, पण तोवर कोणी उठलं नव्हतं.

त्या सकाळी आम्ही नऊ माणसं दोन तास बसलो होतो. जाऊबाईंनी पानाकडे न बघता चक्का-चटणीवर मनापासून जेवण केलं आणि त्यांना कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. वाढलेल्या ताटातलं नको असेल तर कारण द्यावं लागतं. मधल्या ताटातलं आपण उचलत नाही, एवढंच. अक्का तेलुगूत बोलत होत्या, सासूबाई मराठीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचं बोलणं किनवटच्या जुन्या बाजारावरून चाललं होतं.

वाढण्याची मी निंदा करत नाही. गरम भाकर, वर तुपाची धार, आणि “अजून एक घे” हा आग्रह यांच्यावर मी मोठी झाले. पण आठवड्यातून एकदा तरी ते आपण बाजूला ठेवावं. त्यासाठी सॅल्मन लागत नाही, बेगलही लागत नाही. सुकट, जवसाची चटणी, कांदा आणि भाकरी घरात असतातच, आणि सगळं आधी करून मध्ये ठेवता येतं. लागतं ते एवढंच, की घरात जी नेहमी शेवटी जेवते तिला आधी बसवायचं.

लेक जानेवारीत परत गेली. काठवट कोठीत गेली नाही. दर रविवारी दहा वाजता ती सतरंजीवर येते, आणि सासूबाई आमच्याआधी बसलेल्या असतात.